कथलाच्या टाकीत जुने अॅनोड घालण्याआधी

कथलाचा मुलामा देण्याच्या टाकीत अॅनोडचे, म्हणजे विरघळून मुलाम्याला धातू पुरवणाऱ्या कथलाचे, तुकडे जाळीदार धातूच्या बास्केटमध्ये टांगतात. या बास्केटची ऑर्डर देण्याआधी टाकीत नेमकं कोणतं द्रावण आहे ते लिहून काढा. नुसतं ‘अॅसिड टिन’ (आम्लातलं कथलाचं द्रावण) म्हणून भागत नाही. ते फ्लुओबोरेटचं असेल तर टायटॅनियम आणि झिर्कोनियम दोन्ही बाद, कारण त्यातलं फ्लोराइड या धातूंवरचं ऑक्साइडचं कवच खातं. तिथे बास्केटचा नाद सोडून कथलाच्या सलग पट्ट्याच टांगाव्यात. सल्फेटच्या टाकीत मात्र विचार करावा लागतो. निकेलच्या मुलाम्याच्या टाकीत टायटॅनियमची बास्केट वर्षानुवर्षं चालते, म्हणून कथलाच्या टाकीतही चालेल असं धरू नका. कथील फार कमी व्होल्टेजला विरघळतं, आणि तेवढ्यावर गंधकाम्लात टायटॅनियमचं कवच टिकेलच याची खात्री नसते. माझी पसंती झिर्कोनियमला; किंमत ऐकून मालकाचा चेहरा पडतो, पण गंधकाम्लाला तो धातू दाद देत नाही.

बास्केटवर चढवायच्या, गाळ अडवणाऱ्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या, सुती कापड आम्लात कुजतं. नवी पिशवी आधी सौम्य गंधकाम्लात भिजवून धुतली की कापडावरची खळ टाकीत उतरत नाही.

आता जुने तुकडे. त्यांची कुंडली आधी पाहा. आपल्याच टाकीतून निघालेली शुद्ध कथलाची बुडखी असतील तर काळा थर ब्रशने घासा, पाण्याने धुवा आणि बिनधास्त वापरा. वितळवायची गरज नाही. सोल्डरचा किंवा भंगारवाल्याकडचा माल मात्र यात मिसळू नका. शिसं आलं की RoHS ची (विजेच्या उपकरणांतल्या घातक पदार्थांवरच्या युरोपच्या नियमाची) ०.१ टक्क्याची मर्यादा हां हां म्हणता ओलांडते आणि बसबारचा (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा) अख्खा लॉट परत येतो. कल्हईवाल्याकडून उरलेलं कथीलही तपासणीशिवाय नको. जाळीतून गळतील असे बारीक तुकडे वेगळे काढा. ते तळाशी साचतात, संपर्क सुटतो आणि वजन भरूनही करंट पोचत नाही. तेवढेच वितळवा: कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे फार तापवू नका. तुकडे आणि साचा पूर्ण कोरडे हवेत, पाण्याचा एक थेंबही धातू अंगावर उडवतो.

बास्केट भरल्यावर हलवून पोकळी बुजवा. रोज सकाळी पातळी पाहा, कारण कथील खाली बसलं की उरलेल्यावर करंट वाढतो आणि अॅनोड काळे पडून निष्क्रिय होतात. आणि टाकी ढवळायला हवेचा पाइप कोणी सोडला असेल तर आधी तो काढा. हवेने द्रावणातलं कामाचं कथील (स्टॅनस) ऑक्सिडीकरण होऊन निरुपयोगी रूपात (स्टॅनिक) जातं आणि गाळ वाढतो.