ट्यूब अँपच्या मागचा ओहमचा खटका: कॅब कशी जुळवायची, आवाज का बदलतो

गिटारच्या ट्यूब अँपमध्ये (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये) ट्यूबची आणि स्पीकरची थेट गाठ पडत नाही, मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ५० वॅटच्या मार्शल अँपमधल्या दोन ईएल-३४ ट्यूबना सुमारे ३.४ किलोओहमचा भार हवा असतो. सिलेक्टर, म्हणजे अँपच्या मागचा ओहमचा खटका, ८ वर असेल तर ट्रान्सफॉर्मर स्पीकरचे ओहम (करंटला होणारा अडथळा, म्हणजे इम्पीडन्स) ४२५ पटीने वाढवून ट्यूबला दाखवतो. ८ ओहमची कॅब (स्पीकरची पेटी) लावली की गणित जुळतं. त्याच जागी १६ ची लावली तर ट्यूबला ६.८ किलोओहम दिसतात, ४ ची लावली तर १.७.

म्हणून आधी कॅब नक्की किती ओहमची आहे ते बघा. मागच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, जुन्या कॅबमध्ये स्पीकर बदललेले असतात. कॅबला केबल लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा. मीटर डीसी रोध मोजतो, त्यामुळे आकडा छापील ओहमपेक्षा कमीच येतो: ८ ओहमच्या कॅबला साधारण ६ ते ७, १६ च्या कॅबला ११ ते १३, ४ च्या कॅबला ३ च्या आसपास. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४, एकापाठोपाठ जोडले की १६. अँपला ८ आणि १६ च्या दोन कॅब एकदम लावल्या तर समांतर हिशेब ५.३ चा होतो. सिलेक्टर ४ वर ठेवा. यात ८ ची कॅब दोन-तृतीयांश ताकद खाते, तेव्हा तिचे वॅट तपासा. मार्शल १९६० कॅबवर एक घोळ हमखास होतो: कॅबच्या मागचा मोनो-स्टिरिओचा खटका स्टिरिओवर राहिला आणि एकच जॅक वापरला तर चारपैकी दोनच स्पीकर वाजतात, भार ८ ओहम.

सिलेक्टर फिरवायचा तो अँप पूर्ण बंद करून. वाजत असताना फिरवला तर दोन खुणांच्या मधल्या क्षणी ट्यूबला भारच उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडू शकते. स्पीकर न लावता अँप वाजवण्यातही हाच धोका आहे. केबल जाड दोन तारांची स्पीकर केबलच हवी. गिटारची शील्डेड केबल इथे चालत नाही.

आता आवाजाचं. ८ ओहम हा नाममात्र आकडा आहे. सेलेशन व्हिंटेज ३० चा अनुनाद ७५ हर्ट्झला आहे. तिथे स्पीकरचा इम्पीडन्स कित्येक पट वर जातो आणि उंच स्वरांकडे व्हॉइस कॉइलमुळे (स्पीकरच्या पडद्याला जोडलेल्या तारेच्या गुंडाळीमुळे) पुन्हा चढतो. ट्यूब अँप या चढउतारांमागे बऱ्यापैकी जातो, म्हणून खर्ज आणि ट्रेबल दोन्ही फुगतात. निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून अँपमध्ये परत देणं, हा फुगवटा दाबतो.

८ ची कॅब आणि सिलेक्टर १६ वर असेल तर ट्यूबला भार कमी दिसतो, फीडबॅकची पकड सुटते, खर्ज सैल होतो आणि आवाज थोडा खाली येतो. ट्यूबच्या प्लेटमधून करंट जास्त वाहतो, ट्यूब तापतात आणि लवकर थकतात. उलट, सिलेक्टर ४ वर ठेवला तर स्वच्छ वाजवताना आवाज मोठा आणि खर्ज आवळलेला वाटतो, पण अँपचा आवाज लवकर फाटतो. ट्यूबमधल्या स्क्रीन ग्रिड या जाळीवर ताण येतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांवर व्होल्टेजचे उसळे बसतात. पहिल्या चुकीची किंमत ट्यूब, दुसरीची ट्रान्सफॉर्मर. करून बघायचंच असेल तर पहिलीच करा, तीही एकाच पायरीची, थोडा वेळ आणि अँपचं मॅन्युअल परवानगी देत असेल तरच.

ऐकताना एक फसगत टाळा. निव्वळ जुळवणी बदलल्याने आवाजात ३ डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी ‘बेटर टोन’ वाटतो. आधी मास्टर व्हॉल्यूमच्या नॉबने आवाज सारखा करा, मग तुलना करा. बहुतेकदा जो फरक उरतो तो टोनच्या नॉबने किंवा स्पीकर बदलून बिनधोक मिळवता येतो, त्यामुळे सिलेक्टरला टोनचा नॉब समजू नये, असं आमचं मत.

ट्रान्झिस्टर अँपचा नियम निराळा. त्यात जुळवणी नसते, किमान ओहमची मर्यादा असते. ४ ओहमला १०० वॅट देणारा अँप ८ ला साधारण निम्मे देतो, त्यात इजा काही नाही. ४ च्या खाली गेलात तर मात्र आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात.