दुसऱ्या नौदलाची गस्ती नौका ताब्यात घेताना

सह्यांची तारीख ठरवण्याआधी नौका सुक्या गोदीत चढवायला लावा. तरंगत्या नौकेत दिसतो तो रंग. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजून मूळ आराखड्याशी ताडा. पाणरेषेचा पट्टा, सी चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेणारा तळातला कप्पा), नांगराच्या साखळीचा कप्पा आणि इंजिनाखालचं बिल्ज (पाणी साचतो तो तळाचा भाग) इथे पत्रा आधी झिजतो. बिल्जमधलं साचलेलं पाणी पत्रा आतून खातं, बाहेरून कळतही नाही. पाव जाडी गेली असेल तर पत्रा बदलूनच घ्या आणि खर्च कोणाचा, ते करारात लिहा.

देणारं नौदल गुप्तसंदेशांची यंत्रं काढून घेतं. शस्त्रं कधी उतरवतात, कधी ठेवतात. भारताने २०२३ मध्ये व्हिएतनामला दिलेली ‘आयएनएस किरपाण’ शस्त्रांसह गेली. यंत्रं निघाली की केबल कापतात आणि बल्कहेडमधली (नौकेच्या आतल्या आडव्या-उभ्या भिंतींमधली) भोकं तशीच राहतात. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टॉर्च घेऊन एकेक ग्लँड, म्हणजे केबल भिंतीतून जाते तिथलं बंद बूच, तपासा. चिंध्या किंवा फोम कोंबून वरून रंग फासलेला असतो, तो खरवडा. अंगठा आत गेला, तर उद्या पाणी आणि धूरही तिथूनच जाणार. डेकवरचं वजन बदलल्यामुळे जुने स्थिरतेचे आकडेही बाद होतात. कलचाचणी, म्हणजे वजनं हलवून नौका किती कलते ते मोजणं, नव्याने करा.

वीज जुळते का पाहा. नौका ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झची आणि धक्क्यावर ५० हर्ट्झ असेल, तर पंप पाच-षष्ठांश वेगाने फिरतात, दाब जवळपास ३० टक्क्यांनी पडतो. त्यात व्होल्टेज ४४० च ठेवलं तर मोटर तापून जळते. ते ३७० च्या आसपास हवं. आगीच्या होजचे आटे तुमच्याशी बहुधा जुळणार नाहीत. म्हणून १७८ मिमी व्यासाचा, चार बोल्टांचा आंतरराष्ट्रीय फ्लँज (वेगळे आटे असलेले होज जोडणारी चकती) पहिल्या दिवसापासून नौकेवर ठेवा.

समुद्रचाचणीत पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांवर २८ सेकंदांत यायला हवं. वेळ जास्त लागला तर आधी हायड्रॉलिक तेलातली हवा आणि पंपाची गळती शोधा.

व्हॉल्व्हवरच्या पाट्या परक्या भाषेत असतात. जुना खलाशीवर्ग नौकेवर आहे तोवर त्यांच्यासोबत एकेक पाइप हाताने माग काढत जा आणि आपल्या भाषेतली पितळी पाटी तिथल्या तिथे बसवा.