सिग्नलने थ्रेड थांबवताय? या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून रबाळे-महापेपर्यंत, मशीनच्या कंट्रोलरसाठी लिनक्सवर सी लिहिणाऱ्यांपुढे एक मागणी हमखास येते. स्क्रीनवर ‘थांबा’ दाबलं की काम करणारा एकच थ्रेड (प्रोग्राममध्ये इतरांसोबत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) थांबावा, ‘चालू’ दाबलं की तिथूनच पुढे जावा. सेन्सर वाचणारा आणि स्क्रीन सांभाळणारा थ्रेड मात्र चालूच राहावेत. विंडोजमध्ये त्यासाठी सस्पेंडथ्रेड आणि रिझ्यूमथ्रेड आहेत. पॉझिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्याला धरून चालतं त्या युनिक्सच्या प्रमाणात, तसं काही नाही, म्हणून लोक सिग्नलकडे, म्हणजे चालू प्रोग्रामला मध्येच पाठवता येणाऱ्या सूचनेकडे, वळतात.

पहिली चूक लगेच उघडी पडते. पीथ्रेड_किल या सिग्नल पाठवणाऱ्या फंक्शनने एका थ्रेडला सिगस्टॉप, म्हणजे थांबवणारा सिग्नल, पाठवला की सगळा प्रोग्राम गोठतो. सिग्नल एकाच्या नावाने गेला तरी थांबते ती पूर्ण प्रोसेस, आणि सिगस्टॉपला हँडलरही (सिग्नल आल्यावर चालणारं आपलं फंक्शन) लावता येत नाही. ‘चालू’चं बटण वाचणारा थ्रेडही थांबलेला असतो, त्यामुळे बाहेरून कुणी सिगकॉन्ट, म्हणजे पुन्हा चालू करणारा सिग्नल, पाठवेपर्यंत सुटका नाही. इथे आपल्या वापरासाठी मोकळे असलेले सिग्नल वापरा: ‘थांबा’साठी सिगयूएसआर१ आणि ‘चालू’साठी सिगयूएसआर२. दोघांचे हँडलर थ्रेड सुरू करण्याआधीच लावा, दुसऱ्याचा रिकामा असला तरी चालेल. हँडलर नसेल तर हे सिग्नल प्रोसेसच संपवतात.

पुढची चूक म्हणजे हँडलरमध्ये पॉज(), म्हणजे सिग्नल येईपर्यंत झोपवणारं फंक्शन, लिहिणं. ऑपरेटरने ‘थांबा’ आणि लगेच ‘चालू’ दाबलं, तर दुसरा सिग्नल पॉजच्या आधीच येऊन संपतो. मग थ्रेड पॉजमध्ये शिरतो आणि तिथेच अडकतो. टेबलावर हे क्वचितच दिसतं, कारखान्यात दिसतं. म्हणून सिगअ‍ॅक्शनच्या एसए_मास्कमध्ये (हँडलर चालू असताना रोखायच्या सिग्नलांची यादी) सिगयूएसआर२ घाला, म्हणजे तो आधी आला तरी थोपवून धरला जाईल. मग पॉजऐवजी सिगसस्पेंड वापरा आणि त्याला असा मास्क द्या की फक्त सिगयूएसआर२ मोकळा राहील. मास्क बदलणं आणि झोपणं ते अखंडपणे, मध्ये फट न ठेवता करतं.

एवढं करूनही सगळ्यात घातक चूक उरतेच. सिग्नल थ्रेडला कुठेही गाठतो. तो प्रिंटएफमध्ये असेल तर आउटपुटचं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारा ताबा) त्याच्या हातात असतं, मेमरी मागणाऱ्या मॅलॉकमध्ये असेल तर मेमरीचं असू शकतं, आणि ते हातात ठेवूनच तो झोपतो. आता स्क्रीनच्या थ्रेडने प्रिंटएफ केलं की तोही अडकला, मग ‘चालू’चा सिग्नल पाठवणार कोण? ठाणे-वाशी लोकल ऐन क्रॉसिंगवर बंद पडावी, तसं मागचं सगळं खोळंबतं. जावाने याच धोक्यापायी १९९८च्या १.२ आवृत्तीत थ्रेडचं सस्पेंड वापरू नका असं जाहीर केलं. बोहमचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी लायब्ररी) लिनक्सवर सिग्नलनेच थ्रेड थांबवतो, पण त्या काळात थांबलेल्या थ्रेडच्या हातातलं लॉक मागायचं नाही हे पथ्य त्याला पाळावं लागतं. आपल्या रोजच्या कोडला ते जमत नाही.

माझं स्पष्ट मत: मशीनच्या कामासाठी एक फ्लॅग (थांबायचं की नाही याची खूण), एक म्युटेक्स (त्या खुणेचं लॉक) आणि एक कंडिशन व्हेरिएबल (खूण बदलेपर्यंत थ्रेडला झोपवून ठेवणारी सोय) वापरा. थ्रेडने लूपच्या सुरुवातीला, हातात दुसरं कुठलंही लॉक नसताना, फ्लॅग बघावा आणि पीथ्रेड_कॉन्ड_वेटवर थांबावं, तेही इफमध्ये नाही, व्हाइलमध्ये.

सिग्नलशिवाय गत्यंतरच नसेल, तर पीथ्रेड_किल परतलं म्हणजे थ्रेड थांबला असं धरू नका. हँडलरमधून सेम_पोस्टने, म्हणजे वाट बघणाऱ्या थ्रेडला इशारा देणाऱ्या फंक्शनने, पोच द्या. ते तिथे सुरक्षित आहे, प्रिंटएफ नाही. हँडलरमध्ये एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) जपून ठेवा आणि परतताना पूर्ववत करा. नॅनोस्लीप आणि पोल ही वाट बघणारी फंक्शन्स मध्येच ईइंटर (सिग्नलने व्यत्यय आला ही चूक) देऊन परततात, एसए_रीस्टार्ट हा तुटलेलं काम आपोआप पुन्हा सुरू करण्याचा पर्याय लावला तरीही. उरलेला वेळ मोजून पुन्हा झोपवलं नाही, तर मशीनचं टायमिंग चुकतं.

प्रोग्राम अडकलाच तर रीस्टार्टची घाई करू नका. जीडीबी हा डीबगर जोडा, सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं याची यादी) घ्या आणि सिगसस्पेंडमध्ये झोपलेला थ्रेड शोधा. त्याच्या हँडलरच्या फ्रेमखाली जे फंक्शन अर्धवट राहिलेलं दिसेल, ते प्रिंटएफ किंवा मॅलॉक असेल, तर लॉक तिथेच अडकलेलं असण्याची शक्यता सर्वाधिक.