स्पायना बायफिडा असलेल्या बाळाचं मूत्राशय नळीने रिकामं करताना

लंगोट दोन-तीन तास कोरडा राहिला की घरच्यांना हायसं वाटतं. स्पायना बायफिडा या कण्याच्या जन्मजात दोषात मात्र इथेच सावध व्हायला हवं. नवजात बाळ साधारण तासाला एकदा शू करतं, त्यामुळे इतका वेळ कोरडं राहिलेल्या बाळाची लघवी आत तुंबत असू शकते. तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांवर येतो, आणि सगळी धडपड हा दाब कमी ठेवण्यासाठीच आहे.

मूत्राशयाकडे तीन वाटांनी नसा येतात. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडच्या सेक्रल भागातल्या दुसऱ्या ते चौथ्या खंडातून निघणाऱ्या पेल्विक नसा मूत्राशयाची भिंत आवळतात. त्याच खंडांतून येणारी प्युडेंडल नस बाहेरच्या दाराचा स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, बंद ठेवते. तिसरी वाट पाठीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या खंडांतून येते. लघवी साठत असताना भिंत सैल आणि मूत्राशयाचं तोंड मिटलेलं ठेवणं हे तिचं काम. स्पायना बायफिडात दोष बहुधा कमरेच्या किंवा त्याखालच्या भागात असतो, म्हणून पहिल्या दोन वाटांवर घाला पडतो. मग बऱ्याच बाळांत भिंत आवळते तेव्हाच दारही आवळतं. आतला दाब ४० सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबापेक्षा वर जाऊ लागला की मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका बराच वाढतो. या दोषामुळे पाठीवर आलेली गाठ कुठे आहे यावरून मूत्राशय कसं वागेल हे सांगता येत नाही. दोन बाळांची गाठ एकाच जागी असून मूत्राशयं अगदी वेगळी निघतात. म्हणून सोनोग्राफीबरोबर युरोडायनॅमिक तपासणी, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजणारी तपासणी, टाळू नका.

ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याच्या पद्धतीला सीआयसी म्हणतात. डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये ती मांडली. निर्जंतुकीकरणापेक्षा मूत्राशय वेळेवर रिकामं होणं महत्त्वाचं, हा त्यांचा मुद्दा होता. दिवसा सहसा ३ ते ४ तासांनी, दूध पाजण्याच्या वेळांशी सांगड घालून करावं. रात्रीचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील.

नवजात बाळाला बहुधा ६ फ्रेंचची नळी लागते. फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप; १ फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे ही नळी २ मिलिमीटर जाड. नळी आणि हातमोजे लॅटेक्स नसलेलेच घ्या. या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, ती गंभीरही होऊ शकते.

हात साबणाने धुवा, जागा पुढून मागे पुसा, टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावा. मुलीची लघवीची वाट योनीच्या लगेच वर असते. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच खूण म्हणून राहू द्या आणि दुसरी नळी वरच्या छिद्रात घाला. मुलाची शिस्नाची कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका. शिस्न सरळ वर धरा, म्हणजे वाट सरळ होते. आत जाताना स्फिंक्टरपाशी अडलं तर ढकलू नका. हलका दाब ठेवून थांबा. रडताना बाळ श्वास घेतं तेवढ्यात स्नायू सैल पडतो आणि नळी सरकते. लघवी वाहू लागली की आणखी १ सेंटीमीटर आत घाला, जास्त नाही. मऊ फीडिंग ट्यूब वापरत असाल तर हे विशेष पाळा, कारण जादा लांबी आत गुंडाळून तिची गाठ बसू शकते. धार थांबली की नळी अगदी सावकाश बाहेर काढा. मध्ये पुन्हा लघवी आली तर तिथेच थांबा. पोट दाबून लघवी काढू नका. दाब वाढतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते.

दर वेळी किती आली ते लिहून ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या मूत्राशयाची क्षमता अंदाजे वयाचे महिने गुणिले २.५ अधिक ३८ मिली, म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाची ५३ मिली. वारंवार त्याहून जास्त येत असेल तर मधलं अंतर कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मधल्या वेळेतली गळती ओला आणि कोरडा डायपर वजन करून काढता येते: १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली.

सीआयसी करणाऱ्या बाळांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचंच. लघवी गढूळ आहे किंवा वास येतो, एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नका. उगाच दिलेल्या औषधांनी जंतू निर्ढावतात. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, उलट्या, दूध न पिणं, यांपैकी काही असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी नळीने घेतलेला नमुना तपासायला द्या.

भिंत सैल ठेवण्यासाठी बहुधा ऑक्सिब्युटिनिन देतात, डोस वजनावर ठरतो. त्याने घाम कमी येतो, चेहरा लाल होतो, शौच कडक होते. बद्धकोष्ठता दुर्लक्षू नका, कारण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि ते नीट रिकामं होत नाही.

बाळ वाढताना मज्जारज्जू खाली अडकून ताणला जाऊ शकतो. आजवर कोरडं राहणाऱ्या मुलाची लघवी अचानक गळू लागली, नळीने येणारं प्रमाण बदललं किंवा पायाची चाल बिघडली, तर फक्त औषधाचा डोस बदलून पाहू नका. युरोडायनॅमिक तपासणी पुन्हा करून घ्या आणि न्यूरोसर्जनना दाखवा.