क्रॉस ब्रीड कुत्रा आणि 'बंदी असलेल्या जाती' : या चुका टाळा

सोसायटीच्या ग्रुपवर '23 जातींवर बंदी' हा जुना मेसेज पुन्हा फिरू लागला की रॉटवायलर क्रॉस पाळणारे एकतर हादरतात, नाहीतर 'ते कोर्टाने केव्हाच उडवलं' म्हणून निर्धास्त होतात. दोन्हीत गफलत आहे.

केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 12 मार्च 2024 ला राज्यांना पत्र पाठवलं होतं. पिटबुल टेरियर, रॉटवायलर, केन कोर्सो, अकिता अशा जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, घरात आधीपासून असलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. संकरित कुत्रेही त्यात धरले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिलला ते रद्द केलं, पण संबंधितांचं म्हणणं ऐकून नवं पत्रक काढायची वाट सरकारला मोकळी ठेवली. शिवाय गावोगावचे नियम निराळे. गाझियाबाद महापालिकेने 2022 मध्येच पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनोवर बंदी घातली. गोवा विधानसभेनेही 2025 मध्ये हिंस्र जातींवर बंदी आणता येईल असं विधेयक मंजूर केलं. कुत्र्याला घेऊन गोव्याला जायचं असेल, तर सध्या तिथे काय लागू आहे ते आधी विचारा.

सगळ्यात महागात पडते ती मात्र जातीच्या रकान्यातली चूक. विकणारा भाव वाढवायला 'पिटबुल क्रॉस' म्हणतो, आपण तेच कौतुकाने सांगतो आणि डॉक्टर तेच लसीच्या पुस्तकात लिहितात. उद्या वाद झाला तर तोच पुरावा. आईबाप ठाऊक नसतील तर 'मिश्र जात' एवढंच लिहायला सांगा. परवान्यावर आणि विम्यावरही तेच हवं. पण धडधडीत रॉटवायलरला 'लॅब्रेडोर' करू नका. खोटं उघडं पडलं की बाकीच्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

डीएनए चाचणीवर भिस्त नको. ब्रिटनमध्ये एक्सएल बुली (बंदी असलेला मोठ्या आकाराचा बुली कुत्रा) ठरतो तो दिसण्यावर आणि मापावर : नर असेल तर खांद्यापाशी उंची 20 इंच किंवा जास्त, शिवाय डोकं आणि अंगकाठी. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी क्रॉस पिल्लू दत्तक घेण्याआधी हे बघावं, कारण इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 फेब्रुवारी 2024 पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय असा कुत्रा ठेवणं गुन्हा आहे.

पट्ट्याचा कंटाळा करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, कुत्रा गावठी असला तरी.

आणि सोसायटीची नोटीस आलीच, तर गेटवर हुज्जत घालत बसू नका. कोणत्या नियमाखाली ती काढली, हे लेखी विचारा. कुत्रा पाळायला सरसकट मनाई करण्याचा सोसायटीला अधिकार नाही, असं प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक सांगतं. उत्तराला त्याची प्रत जोडा, सोबत महापालिकेचा चालू परवाना, रेबीजची लस आणि नसबंदीचा दाखलाही.