नॅनोकणांचा रंग वाचताना या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे अहवाल तपासताना दरवर्षी हेच वाक्य भेटतं: 'चमक लालकडे सरकली, म्हणजे कण मोठे झाले.' कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचे गोल कण २ नॅनोमीटरच्या आसपास निळसर चमकतात आणि ६ च्या आसपास लाल, हे खरंच आहे. पण चमक, म्हणजे प्रकाश टाकल्यावर कण सोडतात तो उजेड, सरकण्याचं कारण दर वेळी आकारमानच असेल असं नाही.

नागपुरातल्या एका नवतप्यातली गोष्ट. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीचा नमुना पहिल्या दिवशी ५६० नॅनोमीटरला चमकला, आठवड्याने ५६८ ला. कण बाटलीतच वाढताहेत, असं तिने आलेखासकट लिहून आणलं आणि दोन दिवस मलाही ते पटलं. मग बाटली उजेडात धरली. बाहेर ४५ अंश, झाकण सैल आणि ज्यात कण होते ते हेक्झेन उडून निम्म्यावर आलेलं! द्रावण इतकं दाट झालं होतं, की एका कणाने सोडलेला प्रकाश शेजारचे कण गिळत होते. गिळला जातो तो निळ्या बाजूचा भाग, म्हणून आलेखातलं चमकीचं शिखर लालकडे ढकललेलं दिसतं. नमुना पातळ केल्यावर शिखर परत ५६० ला आलं. कण कोणता प्रकाश गिळतात ते दाखवणारं शोषणाचं शिखर तर मुळात हललंच नव्हतं. तेवढं आधी पाहिलं असतं तर आठवडा वाचला असता.

तेव्हापासून उत्तेजनाच्या, म्हणजे कणांवर टाकलेल्या प्रकाशाच्या, तरंगलांबीला शोषण ०.१ च्या खाली आल्याशिवाय मी उत्सर्जन, म्हणजे चमक, मोजू देत नाही. बाटलीवर हेक्झेनच्या पातळीची मार्करने खूण करायला लावतो. पातळ करायला पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर हे काम घेऊ नये.

दुसरी चूक आपल्या भाषेतूनच येते. 'आकार' हा एकच शब्द आपण शेप आणि साइज दोन्हींसाठी वापरतो आणि विचारही तसाच करतो. कॅडमियम सेलेनाइडच्या ज्या पापुद्र्यांचं, म्हणजे चपट्या कणांचं, शोषण ५१२ ला दिसतं, त्यांना गोल कणांचं सूत्र लावलं की 'सुमारे अडीच नॅनोमीटर' असं उत्तर येतं. मायक्रोस्कोपखाली तेच पापुद्रे २०-३० नॅनोमीटर रुंद दिसतात आणि मुलं मायक्रोस्कोपला दोष देतात. पापुद्र्याचा रंग ठरतो तो जाडीवरून, आणि ती इथे १.२ नॅनोमीटरच्या आसपास असते. इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त कोंडला जातो तो अरुंद दिशेला. म्हणून मी आधी फोटो बघतो, सूत्र नंतर.

कांड्यांची, म्हणजे लांबट कणांची, चमक लांबीच्या दिशेने ध्रुवित असते, म्हणजे तिचे कंप त्याच दिशेत असतात. फिल्मवर मोजताना नमुना फिरवून पाहा.

एक्स-रे विवर्तनातल्या एकाच शिखराच्या रुंदीवरून कांडीचं 'आकारमान' काढू नका; तिची लांबी आणि जाडी वेगवेगळी असते.

३५० ने उत्तेजित केल्यावर नेमकी ७०० ला सुई दिसली, तर ती तुमच्या कणांची नाही, ग्रेटिंगची (यंत्रात प्रकाश फोडणाऱ्या जाळीची) आहे; ती ३५० चाच प्रकाश दुप्पट तरंगलांबीला दाखवते. फिल्टर लावा.