पोटावर स्टोमाची पिशवी असेल तर रात्री झोपायच्या आधीची तयारी

बाबांची इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढायचं ऑपरेशन, होऊन सात महिने झाले (त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, त्याच्यावर पिशवी म्हणजे बॅग लावतात) आणि पहिला दीड महिना आमच्या घरात रात्री कोणीच धड झोपलं नाही. दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा सिस्टरनं बॅग कशी बदलायची ते नीट दाखवलं होतं, पण दवाखान्याचा पलंग सपाट, तिथं रातभर लाईट, बटन दाबलं की माणूस येते. इथं गावात बाज, लाईन कधी जाईल त्याचा भरवसा नाही आणि संडास अंगणाच्या त्या टोकाला. म्हणून रात्रीचं सगळं आम्ही हळूहळू शिकलो, ते लिहून ठेवतो, ज्यांच्या घरी नुकतंच कोणी पोटावर पिशवी घेऊन आलं असेल त्यांच्यासाठी. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

तयारी सुरू होते ती जेवणापासून. इलिओस्टॉमीत लहान आतड्यातलं सरळ बाहेर येते, ते पातळ असते आणि जेवल्यावर दोन-चार तासात जोर धरते, म्हणजे नऊला जेवून दहाला आडवं झालं की बारा-एकला बॅग भरलीच समजा. आमच्याकडे बाबांचं ताट आता सातला वाढतात, त्यात मऊ भात, वरण, दही, कधी ज्वारीच्या कण्या, वरून एक केळं, यानं जरा घट्ट होते. हरभऱ्याची भाजी, वालाच्या शेंगा, पत्ताकोबी, मुळा, कच्चा कांदा हे खायचं मन झालं तर दुपारी खा, रात्री नको, गॅसनं पिशवी फुग्यासारखी होते आणि कडेनं उचलते. फल्लीदाणे, मक्याचं कणीस, ओलं खोबरं यांचं वेगळं, ते नीट चावलं नाही तर आतच अडकू शकते. संत्र्याचं पण तसंच, आपल्याकडे सिझनमधे घरोघरी संत्री, पण इलिओस्टॉमीवाल्यांनी फोडीचा रस चोखून घ्यायचा आणि पांढरी साल टाकून द्यायची. चार-सहा तास काहीच आलं नाही, पोटात मुरडा, उलटी, असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच गाडी काढा. स्टोमा काळा-निळा पडला तरी तेच.

आणि एक, बॅग भरू नये म्हणून पाणी कमी करू नका. बाबांनी हे केलं होतं, आम्हाला न सांगता, दोन दिवसात जीभ कोरडी आणि पायात गोळे. इलिओस्टॉमीत पाण्यासोबत मीठ पण जाते, म्हणून डॉक्टरांना विचारून ओआरएस घरात असू द्या, उन्हाळ्यात तर असलंच पाहिजे.

झोपायच्या आधी बॅग रिकामी करायची, थोडंच आहे म्हणून सोडायचं नाही. दिवसा पण एक तृतीयांश भरली की रिकामी करावी असं सांगतात, त्याचं कारण वजन आहे, अर्धा लिटर पातळ म्हणजे अर्धा किलो ओझं त्या एवढ्याशा चिकट गोलावर लटकते. रिकामी केल्यावर खालचं तोंड आतूनबाहेरून टिश्यूनं पुसा, ते ओलं राहिलं तर वास पण येते आणि क्लिप पण सरकते. क्लिप लावताना तोंड एकदाच दुमडा, टक् आवाज आला पाहिजे, मग बोटानं ओढून पाहा. दोन भागांची बॅग असेल तर रिंगवरून पूर्ण गोल बोट फिरवा, एखाद्या जागी बसलेली नसते आणि उभ्यानं ते कळत नाही.

फ्लॅन्ज, म्हणजे चामडीला चिकटणारा तो गोल, मात्र रात्री बदलायचा नाही. सकाळी उपाशीपोटी बदला, तेव्हा स्टोमा शांत असतो, आणि चिकट थराला अंगाच्या गरमीनं पकड घ्यायला दिवस मिळतो. आमचा फ्लॅन्ज हिवाळ्यात चार दिवस जाते, मे महिन्यात तीन दिवसाच्या वर नाही, इकडे पारा ४५ च्या वर गेला की घामानं तो थर लवकर विरघळते. चौथ्या दिवशी कड पांढरी पडली किंवा खालून खाज सुटली तर 'आजची रात निघेल' म्हणू नका, तशीच रात्र निघत नाही. रात्री बदलावाच लागला तर लावल्यावर तळहात गरम करून दोन-तीन मिनिटं वरून दाबून धरा आणि अर्धा तास तरी कूस बदलू नका.

भोक कापताना स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. जास्त मोठं कापलं की उघड्या चामडीवर ते पातळ बसते आणि त्यात पचवणारे रस असतात, चामडी अक्षरशः सोलून निघते, मग ओल्या चामडीला काही चिकटत नाही. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा लहान होत जाते, तेव्हा दर आठवड्याला माप घ्या. आम्ही लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा साचा कापून डब्यात ठेवला आहे, माप बदललं की नवा साचा. चामडी लाल असेल तर स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची, ती तशीच राहिली तर चिकटतच नाही. तेल अजिबात नको. आई रोज रात्री बाबांच्या पोटाला खोबरेल चोळून द्यायची, चाळीस वर्षांची सवय, तिला वाटायचं चामडी नरम राहील, आणि त्या आठवड्यात चार फ्लॅन्ज गेले. तिला समजावून सांगितलं तर ती रडली. आता ती पायाला लावून देते.

एक गोष्ट मला फार जवळची वाटली म्हणून सांगतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची चामडी वाचवायला कराया गोंद वापरायला सुरुवात केली, आणि हा गोंद निघते कांडोळाच्या झाडातून, आपल्या जंगलात पांढऱ्या खोडाचं उभं असते ना, लोक भुताचं झाड म्हणतात, तेच. आताचे फ्लॅन्ज पेक्टिन, जिलेटिन असल्या गोष्टींचे असतात. बाबांना हे वाचून दाखवलं तर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणे, "म्हणजे आपल्या रानातलाच डिंक व्हय तो." त्या दिवसापासून ते स्वतः फ्लॅन्ज कापायला बसतात.

आता बाजेचं. हे आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं. रोज पहाटे गळती व्हायची आणि रोज एकाच जागी. मग काढलेला फ्लॅन्ज फेकायच्या आधी उलटा करून पाहायला लागलो, तर घड्याळात पाच वाजतात त्या जागी चिकट थर विरघळलेला, तिथून कडेपर्यंत पिवळी वाट, बाकी पूर्ण गोल जसाच्या तसा. बाबांना बाजेवर झोपवून सदरा वर केला तेव्हा दिसलं, बाज सैल, मधात झोळ पडलेला, कंबर खाली जाते आणि बरोबर त्याच जागी पोटाला घडी पडते. बसल्यावर पण एवढी घडी पडत नव्हती. दवाखान्यात सपाट पलंगावर ती दिसणार कशी? त्याच दिवशी बाज अंगणात काढली आणि बाबांचं अंथरूण तखतावर घातलं, खाली पातळ गादी. घडीच्या जागी थोडी स्टोमा पेस्ट भरली. पेस्ट म्हणजे गोंद नाही, भिंतीची भेग भरतो तशी पुट्टी आहे, थोडीच लावायची आणि मिनिटभर सुकू द्यायची, चामडी सोललेली असेल तर झोंबते, बहुतेक पेस्टमधे स्पिरिट असते. गळती तिथं थांबली. म्हणून तुमच्याकडे रोज एकाच बाजूनं गळत असेल तर बॅगला दोष द्यायच्या आधी माणूस झोपल्यावर पोट पाहा.

झोपायचं उताणं, नाही त स्टोमा ज्या बाजूला त्या कुशीवर, बाबांचा उजवीकडे आहे. त्या कुशीवर बॅग गादीवर टेकलेली राहते. दुसऱ्या कुशीवर झोपायचं तर पोटासमोर लहान उशी किंवा आईचं जुनं लुगडं घडी करून ठेवा, बॅग त्याच्यावर टेकेल, लोंबणार नाही. उपडं झोपू नका. पहिले काही आठवडे माणूस जास्त पडूनच असते तेव्हा बॅगचं तोंड पायाकडे न ठेवता बाजूला तिरपं ठेवा, म्हणजे माल स्टोमापाशी साचत नाही आणि पडल्यापडल्या रिकामी पण करता येते. कमरेचा बेल्ट लावत असाल तर खाली दोन बोटं गेली पाहिजे आणि तो स्टोमाच्या रेषेत राहिला पाहिजे, वर सरकला की फ्लॅन्जच ओढते. पायजम्याची नाडी, परकराचा नाडा स्टोमावर येऊ देऊ नका. बॅगखाली सुती कापड ठेवा, प्लॅस्टिक घामानं चामडीला चिकटते.

कोलोस्टॉमीत, म्हणजे मोठं आतडं पोटावर काढलेलं असते तिथं, घट्ट येते म्हणून रात्रीचा त्रास कमी, तिथं मुख्य काळजी गॅसची. युरोस्टॉमीत, म्हणजे लघवीची वाट पोटावर काढलेली असते तिथं, लघवी रातभर चालूच, त्यांनी नळीवाली दोन लिटरची रात्रीची पिशवी जोडायची, ती अंथरुणापेक्षा खाली ठेवायची आणि नळीला पीळ पडलेला नाही ते पाहायचं.

उशापाशी एका डब्यात कापून ठेवलेला फ्लॅन्ज, बॅग, क्लिप, सुती कापडं, जुने पेपर, काळी पिशवी. शेजारी झाकणाची बादली आणि तांब्याभर पाणी, म्हणजे रात्री अंगण ओलांडायला नको, पावसाळ्यात तर विंचू-सापाचं भेव असते. चादरीखाली मेणकापड, त्याच्यावर सुती गोधडी. डोक्याला बांधायचा टॉर्च ठेवा, मोबाईलचा नको, दोन्ही हात मोकळे लागतात. अडीचला गजर लावून एकदा बॅग रिकामी करायची, आता बाबा आपोआप उठतात. रात्री गळलंच तर वरून टेप मारून सकाळ करू नका, खाली ते पातळ चामडीवर बसून राहते, पूर्ण काढा, साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, नवीन लावा. डब्यातला साठा पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिक्कीत नको, उन्हानं चिकट थर खराब होते, आमचा माठाच्या खोलीत असतो. थंडीत उलट, लावायच्या आधी पाकीट पाच मिनिटं काखेत धरा, थर नरम येते.

बाबांना यंदा हरभऱ्याच्या जागलीला जायचं आहे, रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर साफ करतात. डॉक्टरांनी जा म्हटलं, फक्त वजन उचलू नका म्हटलं. मचाणावर मी फळ्या सपाट ठोकल्या, गादी टाकली. थैलीत दोन फ्लॅन्ज, दोन बॅग, लग्नपत्रिकेचा साचा, लहान कैची, पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएसची पुडी, काळ्या पिशव्या आणि डोक्याचा टॉर्च भरला. पहिली रात्र मी सोबत राहणार आहे, अडीचचा गजर माझ्या फोनमधे लावला आहे.